फेकीची रात्र

शाळेच्या वार्षिक क्रीडामहोत्सवाचे मैदान आठवून पाहावे. मध्यभागी फक्कीने आखलेली धावपट्टी, तिच्या दोन्ही अंगांना दाटीवाटीने बसलेले विद्यार्थी, व्यासपीठावर प्रमुख पाहुणे आणि ध्वनिक्षेपकावरून पुकारली जाणारी शंभर मीटरच्या विजेत्यांची नावे. त्याच वेळी मैदानाच्या पार टोकाला, कुंपणालगतच्या बाभळीपाशी, पाचसहा दणकट मुले, एक शिक्षक आणि एक टेप एवढाच संसार मांडलेला असतो. ती गोळाफेक. तिच्याकडे कोणी पाहत नाही, कारण तेथे काय चालले आहे हे दुरून कळतच नाही. निकाल थेट बक्षीस समारंभात समजतो, आणि विजेता व्यासपीठाच्या दिशेने चालू लागला की तो कोणत्या खेळाचा, हे न सांगताही अंगयष्टीवरून ओळखू येते.

गोळाफेक, थाळीफेक, हातोडाफेक आणि भालाफेक या चारही क्रीडाप्रकारांच्या वाट्याला आपल्याकडे फार काळ हा कोपराच आला. भाषेनेही त्यांची थोडी थट्टा केली आहे. 'फेकणे' या क्रियापदाला एक दुसरा अर्थ चिकटला असून त्या अर्थाच्या स्पर्धा गावोगावच्या पारावर बारमाही आणि विनामूल्य चालू असतात. मैदानावरच्या फेकीत अंतर टेपने मोजतात, एवढाच काय तो फरक. परंतु हा फरक लहान नव्हे, हे पुढे दिसेल.

या उपेक्षित खेळाला ५ जुलै २०२५ रोजी स्वतःची अशी एक संपूर्ण रात्र मिळाली. बंगळुरूच्या श्री कंठीरव मैदानावर त्या सायंकाळी 'नीरज चोप्रा क्लासिक' ही केवळ भालाफेकीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. बारा भालाफेकपटू, एक धावपट्टी आणि प्रकाशझोतांखाली हिरवळीवर उमटलेल्या पांढऱ्या रेषा, एवढीच त्या रात्रीची सामग्री. तरीही हजारो प्रेक्षक तिकिटे काढून आले होते. महिन्याचा पहिला शनिवार म्हणजे आम्हा बँक कर्मचाऱ्यांचा पूर्ण कामाचा दिवस. त्यामुळे प्रत्यक्ष बंगळुरू गाठणे शक्य नव्हते. मी ज्या शाखेत काम करतो ते बेट्टदपुर हे म्हैसूर जिल्ह्याच्या पिरियापट्टण तालुक्यातील गाव. 'बेट्ट' म्हणजे डोंगर, आणि नावाप्रमाणे गावाच्या डोक्यावर डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर सिडिलु मल्लिकार्जुनाचे देऊळ. 'सिडिलु' म्हणजे वीज. अशा या विजेच्या देवाच्या पायथ्याशी, वीज जाणार नाही एवढी प्रार्थना करीत, एका उपाहारगृहातील दूरचित्रवाणी संचासमोर आम्ही दहाबारा जणांनी ती स्पर्धा पाहिली.

नीरजची पहिली फेक बाद ठरली. दुसरी ८२.९९ मीटर, आणि तिसरी ८६.१८ मीटर. शेवटी हीच फेक त्या रात्रीची सर्वोत्कृष्ट ठरली. केनियाचा ज्युलियस येगो ८४.५१ मीटरांसह दुसरा आणि श्रीलंकेचा रुमेश पथिरगे ८४.३४ मीटरांसह तिसरा आला. आपल्या सचिन यादवने ८२.३३ मीटरांवर चौथे स्थान मिळविले. येगोची कथा आमच्या त्या मंडळींना विशेष भावली. केनियात लांब पल्ल्याचे धावपटू पैशाला पासरी, मात्र भालाफेक शिकविणारा कोणी नाही; तेव्हा या गृहस्थाने यूट्यूबवरील चित्रफिती पाहून तंत्र आत्मसात केले आणि २०१५ साली तो चक्क विश्वविजेता झाला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याने रौप्यपदकही मिळविले. हे सांगताच कोपऱ्यातून प्रश्न आला, "म्हणजे सार, आमच्या पोराच्या हातातला मोबाइल काढून घेऊ नये म्हणता?" यावर बँक अधिकाऱ्याने मत न देणेच श्रेयस्कर.

या स्पर्धेसंबंधीची एक गोष्ट मला पदकांहून महत्त्वाची वाटते. ती मुळात बंगळुरूला व्हायचीच नव्हती. हरियाणातील पंचकुला येथे, म्हणजे नीरजच्या स्वतःच्या राज्यात, २४ मे रोजी ती घेण्याचे ठरले होते. तेथील मैदानावर रात्रीच्या प्रक्षेपणाला पुरेल असा प्रकाश नाही, असे आढळल्यामुळे स्पर्धा बंगळुरूला हलविण्यात आली. पुढे मे महिन्यातील सीमेवरील तणावामुळे ती लांबणीवर पडून जुलैत झाली. घरचे मैदान, घरचे प्रेक्षक, घरचा नायक हे सारे असूनही दिव्यांचा प्रश्न आला तेव्हा घर सोडावे लागले. हा तपशील पुढे आमच्या गावात एका वेगळ्याच प्रसंगी उपयोगी पडला.

तत्पूर्वी भाल्याविषयी थोडेसे. पुरुषांचा भाला ८०० ग्रॅम वजनाचा आणि सुमारे अडीच मीटरांहून थोडा अधिक लांबीचा असतो. महिलांचा ६०० ग्रॅमचा. वजनाने तो सोलापुरी चादरीहूनही हलका, परंतु वागण्याने अतिशय लहरी. २० जुलै १९८४ रोजी पूर्व जर्मनीच्या उवे होन याने बर्लिनमध्ये तो १०४.८० मीटर फेकला. या एका फेकीने संयोजकांची झोप उडाली. भाला शंभर मीटरांपलीकडे जाऊ लागला तर तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या धावपट्टीवर, कदाचित प्रेक्षकांतही, उतरायचा! शिवाय जुना भाला बऱ्याचदा आडवा पडे आणि टोक आधी टेकले की शेपटी, यावर पंचांमध्ये वाद होत. म्हणून १९८६ मध्ये पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटीमीटर पुढे सरकविण्यात आला. भाला लवकर नाक खाली करू लागला, अंतरे कमी झाली आणि विक्रमांची वही नव्याने उघडावी लागली. नव्या भाल्याचा विश्वविक्रम चेक प्रजासत्ताकाच्या यान झेलेझ्नी याच्या नावावर असून ९८.४८ मीटरांची ती फेक १९९६ सालची आहे. योगायोग पाहा, जुन्या वहीतील शेवटचा विक्रमवीर होन हा २०१८ च्या सुमारास नीरजचा प्रशिक्षक होता, तर नव्या वहीतील विक्रमवीर झेलेझ्नी २०२५ मध्ये त्याला मार्गदर्शन करीत होता.

विक्रम मोडला म्हणून साहित्यच बदलून टाकणारा खेळ विरळा. क्रिकेटमध्ये षटकार फार होऊ लागले म्हणून कोणी चेंडू जड केल्याचे ऐकिवात नाही. पण फेकीच्या खेळांचा पायाच मुळी असा आहे: आधी मैदानावरील माणसाची सुरक्षितता, मग अंतर. मैदानावरील आखणीही याच विचाराने केलेली असते आणि ती आपल्या समजुतीपेक्षा कितीतरी सोपी आहे. गोळाफेकीचे वर्तुळ २.१३५ मीटर व्यासाचे, म्हणजे जुन्या हिशेबाने सात फुटांचे. गोळा ज्या पट्ट्यात पडला पाहिजे त्याचा कोन ३४.९२ अंश, हे वाचून कोणीही घाबरेल. परंतु वर्तुळाच्या मध्यापासून प्रत्येक रेषेवर २० मीटर मोजावेत आणि त्या दोन टोकांत बरोबर १२ मीटरांचे अंतर ठेवावे, की कोन आपोआप साधतो. भालाफेकीसाठी याच २० मीटरांवर १० मीटर. दोरी, टेप आणि फक्की यांपलीकडे काही लागत नाही. गणितात कच्चा असलेला माळीही हे काम करू शकतो, आणि मी तर वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर.

आता टेपविषयी. फेकीचे अंतर सेंटीमीटरपर्यंत मोजतात आणि त्याखालचा अपूर्णांक सोडून देतात. तोही नेहमी खालच्या बाजूला. आमच्या व्यवसायात पन्नास पैसे झाले की वरचा रुपया धरण्याची रीत आहे. येथे ९९ टक्के सेंटीमीटर झाला तरी तो शून्यच. इतक्या कठोर हिशेबाचा अर्थ काय होतो, हे आटपाडी तालुक्यातील करगणीच्या सचिन खिलारी यांना विचारावे. लहानपणी सायकलवरून पडून डाव्या हाताला झालेली इजा कायमची राहिली. तरीही यांत्रिकी अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते मैदानावर उतरले, प्रथम भाला आणि नंतर गोळा घेऊन. पॅरिस येथे ४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरालिंपिकच्या एफ-४६ गटात त्यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून आशियाई विक्रमासह रौप्यपदक पटकाविले. सुवर्णपदक मिळविणाऱ्या कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्ट यांची फेक होती १६.३८ मीटर. अंतर सहा सेंटीमीटर. कांस्यपदक १६.२७ मीटरांवर गेले. सुवर्ण, रौप्य आणि कांस्य ही तीनही पदके अकरा सेंटीमीटरांत, म्हणजे आपल्या पासबुकाच्या लांबीएवढ्या जागेत मावली!

बंगळुरूत चौथ्या आलेल्या सचिन यादवचेही असेच झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत त्याने ८६.२७ मीटर फेक केली आणि तो पुन्हा चौथा आला. कांस्यपदक ८६.६७ मीटरांवर अमेरिकेच्या कर्टिस थॉम्पसनला मिळाले. हाही बंगळुरूच्या बारा जणांपैकीच एक. नीरज त्या दिवशी आठवा होता. एखाद्या उपाहारगृहात बसून 'अरेरे, थोडक्यात गेले' असे म्हणणे सोपे असते. ते थोडके म्हणजे किती, हे ज्याने एकदा तरी टेपचे टोक हातात धरले आहे त्यालाच कळते.

हे सगळे रंजक असले तरी या विषयाची दुसरी बाजू टाळता येणार नाही. नीरजने ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत ८७.५८ मीटरांची सुवर्णफेक केली, आणि भारतीय ॲथलेटिक्स महासंघाने ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय भालाफेक दिन म्हणून जाहीर केला. त्या दिवशी राज्याराज्यांतून स्पर्धा घ्याव्यात असे ठरले. ही फार चांगली गोष्ट झाली. ज्या शाळांच्या कपाटात भाला कधी नव्हता तेथे तो आला. परंतु भाल्याबरोबर दोरी, पंच आणि मोकळे मैदान या गोष्टी सर्वत्र आल्या असे म्हणता येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये रायगड जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यात शाळेच्या मैदानावर सराव चालू असताना भाला लागून एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. वृत्तपत्रात ती बातमी वाचलेल्या पालकांना या खेळाची धास्ती वाटली असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. मात्र त्यावर भाला कपाटात कायमचा कुलूपबंद करणे हाही उपाय नव्हे. लहान मुलांसाठी रबराच्या आणि फोमच्या टोकाचे भाले मिळतात, हलके चेंडू असतात. फेकण्यापूर्वी पट्ट्यात कोणी नाही हे पाहणे, भाला आणावयास पळत न जाता चालत जाणे, आणि परत आणताना तो हवेतून न फेकता हातात उभा धरून आणणे, हे तीन नियम पहिल्या दिवशी शिकविले की शिक्षकाचे निम्मे काम होते.

आणि आता तो वेगळा प्रसंग. पावसाळा सरला आणि नोव्हेंबरात कन्नड राज्योत्सवाच्या निमित्ताने गावोगावी कार्यक्रम सुरू झाले, तेव्हा उपाहारगृहातील आमच्या मंडळींच्या मनात जुलैतील ती रात्र पुन्हा जागी झाली. बंगळुरूला होते, तर आपल्याकडे का नको? मंडपवाल्याने चार हॅलोजन दिवे कबूल केले. शाळेने मैदान दिले. तंबाखूचे लिलाव चालू असल्याने शेतकरी दिवसा मोकळे नव्हते आणि शाखेतील गर्दीमुळे आम्हीही नव्हतो. म्हणून वेळ रात्रीचीच ठरली. गावातील तरुण पोरे मात्र एकाच आशेने आली होती. त्यांना भाला फेकायचा होता. त्यांतील दोघांनी तर नीरजसारखी केसांना पट्टीही बांधली होती.

शाळेचे क्रीडाशिक्षक आले ते शाळेतील दोन्ही भाले कपाटात ठेवून, किल्ली खिशात घालून. चार दिव्यांच्या उजेडात भाला हवेत गेला की दिसेनासा होतो आणि उतरतो कोठे हे कळत नाही, म्हणून भाला नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितले. पोरांनी आरडाओरडा केला. एका ज्येष्ठ व्यापाऱ्यानेही, 'एवढी सगळी तयारी केल्यावर एखादी फेक तरी होऊ द्या' असा आग्रह धरला. त्यावर शिक्षक म्हणाले, "उजेड पुरत नाही म्हणून नीरजची स्पर्धा पंचकुल्याहून आपल्या राज्यात आली. त्याच्यासाठी जो नियम, तो आपल्या पोरांसाठी नको काय?" यानंतर वाद उरला नाही. आग्रही व्यापाऱ्यांनाच दोरीच्या बाहेर कोणाला उभे राहू द्यायचे याची जबाबदारी देण्यात आली आणि त्यांनी ती इतक्या कडकपणे पार पाडली की स्वतःच्या नातवालाही दोनदा मागे ढकलले.

कन्नडमध्ये गोळाफेकीला 'गुंडु एसेत' म्हणतात. गुंडु म्हणजे गोल वस्तू, आपल्या 'गुंड्या'चाच सख्खा भाऊ. शाळेत त्या रात्री एकच गुंडु उपलब्ध होता, आणि तोही ४ किलोचा, म्हणजे महिलांच्या गटाचा. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा असतो. तेव्हा सर्वांनी हाच फेकावा असे ठरले आणि त्यामुळे रात्रीची सारी रंगत वाढली. कारण स्त्रिया आणि पुरुष यांची अंतरे एकाच वहीत, एकाच वजनावर उतरू लागली. गोळा मानेला टेकवून धरावा, खांद्यामागे नेऊ नये, आणि फेक झाल्यावर वर्तुळाच्या मागच्या अर्ध्या भागातूनच बाहेर पडावे, हे नियम शिक्षकांनी करून दाखविले. शेवटचा नियम सर्वांत अवघड निघाला. गोळा बऱ्यापैकी गेला की मनुष्य आनंदाने पुढेच धावतो, आणि लाल फडके वर जाते. पहिल्या फेरीत निम्म्याहून अधिक फेकी अशा आनंदाच्या भरात बाद झाल्या. एका उंचापुऱ्या शेतकऱ्याने तर तीनही संधी याच रीतीने घालविल्या. चौथी संधी द्यावी, अशी त्याच्या मित्रांनी केलेली विनंती पंचांनी फेटाळली. त्यावर तो स्वतःच हसत म्हणाला की, गोळा वर्तुळात राहिला असता तर मीही राहिलो असतो.

टेपचे शून्याकडील टोक माझ्या हाती होते. गोळ्याच्या खुणेवर ते टेकवायचे, टेप वर्तुळाच्या मध्यावरून ताठ ओढायची आणि वर्तुळाच्या आतल्या कडेवरचा आकडा दुसऱ्याने वाचायचा. सुरुवातीला प्रत्येक फेकीनंतर चारपाच जण जवळ येऊन वाकून आकडा पाहत. बँकेच्या माणसाने धरलेल्या टेपवरही विश्वास नाही म्हणजे कमाल झाली! पुढे पुढे ते आपल्या जागेवरूनच आकड्याची वाट पाहू लागले. आमच्या शाखेतील रोखपाल ६.४० मीटरांवर थांबले आणि दुसऱ्या दिवशी खिडकीवर प्रत्येक ग्राहकाने त्यांना खांद्याची विचारपूस केली. पुरुषांत लाकडाच्या वखारीतील एक हमाल पहिला आला, त्यात कोणालाच नवल वाटले नाही.

नवल पुढे होते. महिलांच्या गटासाठी प्रथम कोणीच नाव देईना. मग माध्यमिक शाळेतील एक मुलगी पुढे आली. ती तालुका पातळीवर खेळलेली होती, हे तिच्या शिक्षकांखेरीज तेथे कोणालाही ठाऊक नव्हते, कारण तालुक्याची गोळाफेकही अर्थातच मैदानाच्या कोपऱ्यातच झाली होती. तिने पाठ फेकीच्या दिशेला करून, एका पायावर सरकत येऊन गोळा सोडला. मैदान एकदम स्तब्ध झाले. ९.१२ मीटर. पुरुषांतील दुसऱ्या क्रमांकाच्या फेकीपेक्षा ती फेक दोन सेंटीमीटरांनी सरस होती. या वेळी मात्र वाकून आकडा पाहण्यासाठी पुन्हा गर्दी झाली, आणि त्या गर्दीत सर्वांत पुढे दुसऱ्या क्रमांकाचे गृहस्थ होते. त्यांनी टेप दोनदा पाहिली, शिक्षकांकडे पाहिले, आणि मग दोन्ही हात जोडून त्या मुलीला म्हणाले, "तायी, कसे सरकायचे ते दाखव एकदा."

तिने दाखविले. त्यानंतरचा अर्धा तास स्पर्धा राहिलीच नाही. तंबाखूचे शेतकरी, वखारवाले, पोस्टमन आणि आमचे रोखपाल असे सगळे वर्तुळात एकेक करून पाठमोरे उभे राहत, सरकताना तोल जाऊन एकमेकांवर आपटत, आणि ती मुलगी कमरेवर हात ठेवून त्यांची चूक सांगत होती. केसांना पट्टी बांधलेली ती दोन पोरेही रांगेत उभी राहिली. दहाच्या सुमारास मंडपवाला दिवे काढावयास आला तेव्हा रांगेत अजून नऊ जण होते. शेवटी दोन दिवे राहू द्यावेत आणि त्यांचे भाडे वर्गणीतून द्यावे, असा तोडगा निघाला. गोळा दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जमा करण्यात आला. भाल्यांसाठी मात्र येत्या ७ ऑगस्टचा दिवस ठरला आहे. सकाळी आठची वेळ, लख्ख उजेडात.